दुसऱ्या मजल्यावर थांबलेली सभा

लिफ्टबाईंनी पाच नगरसेवकांना लिफ्टमध्ये कोंडलं, चाळीस मिनिटं अधांतरी लटकवत ठेवलं आणि कागदावर सह्या घेतल्याशिवाय एकालाही बाहेर सोडलं नाही, ही बातमी त्या मंगळवारी दुपारच्या जेवणाआधीच आमच्या जिन्यात येऊन पोचली होती. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत चाळीसची नव्वद मिनिटं झाली. एका नगरसेवकाला भोवळ आली, दुसऱ्याने रडत आईला हाक मारली, अशी भर वाटेत पडत गेली. तळमजल्यावरच्या काकूंनी तर आगीचा बंब आपल्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ही गोष्ट वेगळी.

आता खरं काय ते ऐका. लिफ्ट होती, बाई होत्या, पाच नगरसेवकही होते. एवढं सोडलं तर बाकी सगळं लोकांच्या पदरचं. कोंडणं तर सोडाच, बाईंनी उलट दार उघडलं. जी काही बोंबाबोंब झाली ती दार उघडल्यामुळे झाली. बंद ठेवलं असतं तर कोणाला कानोकान पत्ता लागला नसता आणि बाई आज तळघरात जाऊन बसल्या असत्या.

नगरपालिकेची इमारत चार मजल्यांची. पहिल्यावर परवाने, दुसऱ्यावर जन्म-मृत्यूची नोंद आणि नळांचे अर्ज, तिसऱ्यावर बांधकाम आणि चौथ्यावर सभागृह. या सगळ्यांना जोडणारी एकच लिफ्ट, तीही बहुधा इमारतीच्या आधी बांधलेली असावी असं वाटायला लावणारी. जाळीचं सरकतं दार, आत पिवळा दिवा आणि बटणांच्या जागी पितळी दांडा. उजवीकडे वळवला की वर, डावीकडे की खाली, आणि मजला यायच्या नेमका हातभर आधी सोडला तर लिफ्टची जमीन मजल्याच्या जमिनीशी जुळणार. जरा उशीर झाला की माणूस बाहेर पडताना खड्ड्यात पडल्यासारखा उतरतो. बाईंच्या हातून एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. डोळे मिटूनही त्या दांडा सोडत. म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला मिटतच, पण लिफ्ट बरोबर थांबे.

बाई म्हणजे उंचीला बेताच्या, आवाज मात्र चार मजल्यांचा. अंगात राखाडी कोट. त्याच्या एका खिशात चष्मा आणि रुमाल, दुसऱ्यात जनतेसाठी ठेवलेला माल: सेफ्टी पिना, पेन्सिलींचे तुकडे, खोकल्याच्या गोळ्या. दिवसाला चारेकशे माणसं त्यांच्या हाताखालून वर जात आणि खाली येत, आणि त्यातला एकही जण बोलल्याशिवाय सुटत नसे. दुसऱ्या मजल्यावर जाणारा माणूस जन्म नोंदवायला निघालाय की मृत्यू, हे त्या न विचारता ओळखत. जन्मवाले दाराशी उभे राहतात, मृत्यूवाले मागच्या भिंतीला टेकतात. पहिल्याला त्या मुलगा की मुलगी विचारत, दुसऱ्याला फक्त सांगत, "तिसऱ्या खिडकीवर जा, तो कारकून माणसासारखा बोलतो." कोणत्या टेबलावरचा साहेब जेवायला गेला, कोणाचा शिक्का हरवलाय, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, ही सगळी माहिती बाईंकडे ताजी मिळे. वरच्या मजल्यांवर चौकशीची खिडकी होती, पण तिथे कोणी फिरकत नसे. खरी चौकशी वर-खाली फिरत होती.

घरी हा सगळा माल सासूबाईंच्या पायाशी ओतला जाई. सासूबाई ब्याऐंशीच्या, गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून खिडकीतल्या खुर्चीवर. संध्याकाळी सून दारात दिसली की पाणी विचारायच्या आधी त्या विचारत, "काय आणलंस?" मग एकेक मजला उलगडला जाई. नवरा घड्याळं दुरुस्त करतो, बोलणं दिवसाला मोजून दहा शब्द, त्यातले चार घड्याळांशी. म्हणजे त्या घराला सगळं जग मिळायचं ते लिफ्टमधून.

आणि आता ती तसबीर. तळमजल्यावर लिफ्टच्या दारासमोरच्या भिंतीवर, काचेच्या आड, खुल्या सभांचा कायदा टांगलेला आहे. कलमं बारा, अक्षर बारीक. लोकांनी वाचावा म्हणून लावायचा असतो, तसा लावला. पण लावणाऱ्याने जागा अशी शोधली की तो फक्त लिफ्टमधल्या स्टुलावर बसलेल्या माणसालाच दिसावा. त्यामुळे त्या कायद्याला सगळ्या गावात वाचक एकच. गिऱ्हाइकाची वाट बघत बसलं की बाईंची नजर आपसूक तिथे जाई. लहानपणी पाढे पाठ होतात तशी बारा कलमं त्यांना पाठ झाली होती. अर्थात पाढे पाठ असले म्हणून कोणी दिवसभर गुणाकार करत बसत नाही. बाईंनीही त्या कायद्याचं कधी काही केलं नव्हतं.

आता नगरसेवक. ते एकूण नऊ. लिफ्टमध्ये मावतात सहा, त्यातल्या एक बाई. म्हणून सभेच्या दिवशी पहिल्या खेपेला पाच जण वर जात आणि उरलेले चार दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेचे पाच नेहमी तेच: अध्यक्ष, म्हणजे दर निवडणुकीत बिनविरोध येणारे चपलांच्या दुकानाचे मालक, शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई, दातांचे डॉक्टर, लाकडाच्या वखारीचे शेठ आणि मोटार शिकवणारे सर. गावात पक्ष वगैरे काय असतील ते असोत, खरे पक्ष दोनच होते, पहिल्या खेपेचा आणि दुसऱ्या खेपेचा.

गंमत अशी की नऊमध्ये पाच म्हणजे बहुमत. अध्यक्षांच्या हे फार पूर्वी लक्षात आलं होतं. तळमजल्यावर दार सरकलं की ते म्हणत, "बरं, आज काय काय आहे?" आणि चौथा मजला येईपर्यंत सगळं ठरलेलं असे. बाग कोणाच्या वॉर्डात जायची, दिवे कुठल्या गल्लीत लागायचे, सगळं. विषय मोठा असेल तर अध्यक्ष म्हणत, "बाई, जरा सावकाश घ्या." आणि फारच गुंतागुंतीचा असेल तर चौथ्यावर पोचल्यावर त्यांना खाली काहीतरी राहिल्याची आठवण होई, की लिफ्ट पुन्हा तळाला. सभागृहात मग सभा सात मिनिटांत आटपे. "सर्वांना मान्य?" असं विचारून ते उत्तराच्या आधी हातोडा मारत. दुसऱ्या खेपेचे चौघे तोंड उघडेपर्यंत पुढचा विषय आलेला असे. बघायला येणाऱ्यांसाठी मागे दोन बाकं होती, त्यांवर साफसफाईवाले बादल्या ठेवत.

बाई हे सगळं पाठमोऱ्या उभ्या राहून ऐकत. पाठीला कान नसतात असं पाचही जणांना वाटत असावं. लिफ्टमध्ये दांडा असतो, दिवा असतो, तशी बाई असते.

या बातमीच्या दोन आठवडे आधीच्या मंगळवारीही त्या अशाच उभ्या होत्या. लिफ्ट पहिल्या मजल्यावरून सरकली आणि अध्यक्ष म्हणाले, की पुढच्या सभेत लिफ्टचा विषय घेऊन टाकू. बटणांची नवी लिफ्ट येते, पद रद्द करता येईल. वखारवाल्या शेठनी विचारलं, पद कसलं. "चालकाचं," अध्यक्ष म्हणाले. मग मोटारवाल्या सरांनी विचारलं, की सध्याच्या चालकाचं काय करायचं. तळघरातल्या दप्तरखान्यात जागा आहे, अध्यक्ष म्हणाले, तिथे जुन्या फायली बघायला कोणीतरी लागतंच. डॉक्टरांनी मान डोलावली. मोठ्या बाईंनी घड्याळात पाहिलं.

बाईंना समजायला एक अख्खा मजला लागला. चालक, चालक म्हणतात तो कोण बुवा, असं तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांच्या मनात होतं. तिसरा मजला गेला आणि त्यांच्या लक्षात आलं की चालक म्हणजे आपणच. एकोणीस वर्षांत त्यांना कोणी त्या नावाने हाक मारली नव्हती. हात दांड्यावर तसाच राहिला. लिफ्ट चौथ्यावर वीतभर वर जाऊन थांबली आणि अध्यक्ष बाहेर पडताना असे आपटत उतरले की त्यांच्या दुकानातल्या चपलेचा अंगठा निघाला.

"काय हे बाई," ते म्हणाले, "लक्ष कुठे आहे तुमचं?"

घरी त्या संध्याकाळी सासूबाईंनी काय आणलंस विचारलं तेव्हा बाईंनी पहिल्यांदाच स्वतःची बातमी आणली. तळघर कसं आहे तेही सांगितलं: एक दिवा, एक टेबल, कमरेपर्यंत फायली, आणि दिवसाला माणूस आलं तर आलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. पगार तोच राहणार होता, त्याचं काही नव्हतं. पण ज्या बाईला झोपेतही कोणीतरी उत्तर द्यायला लागतं तिला कागदांच्या ढिगात नेऊन बसवायचं, म्हणजे माशाला फळीवर ठेवल्यासारखं. नवऱ्याने हातातलं घड्याळ खाली ठेवलं, ही त्या घरातली मोठी घटना. सासूबाई मात्र चिडल्याच.

"आणि तिथून तू मला रोज काय आणणार? झुरळं?"

"मी काय करू आई? त्यांनी ठरवलं."

"कुठे ठरवलं?"

"लिफ्टमध्ये."

"लिफ्टमध्ये ठरवायला ती काय सभा आहे?" म्हातारी म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. तेवढ्यावर तिचं जेवण त्या दिवशी अर्धंच झालं.

हे वाक्य बाईंच्या डोक्यात रात्रभर फिरलं. सकाळी त्या कामावर लवकर गेल्या, स्टुलावर बसल्या आणि एकोणीस वर्षं नुसता पाठ असलेला कायदा त्यांनी पहिल्यांदा समजून वाचला. दुसरं कलम: बहुसंख्य सदस्य एकत्र जमून सार्वजनिक कामाविषयी बोलतील, तर ती सभाच समजावी, मग ती जागा कोणतीही असो. चौथं कलम: सभेची सूचना तीन दिवस आधी लावावी. पाचवं: सभा चालू असताना तिचं दार लोकांसाठी उघडं असावं. बाईंनी दाराकडे पाहिलं. जाळीचं होतं, सरकत होतं, उघडत होतं.

तरी घाई नको म्हणून त्या सचिवांना विचारायला गेल्या. सचिव म्हणजे सूचना लावणारा, इतिवृत्त लिहिणारा, चष्म्याच्या वरून बघणारा सावध माणूस. बाईंनी विचारलं, की समजा पाच सदस्य एखाद्या ठिकाणी भेटले आणि बागेविषयी बोलले, तर ती सभा का? सचिव म्हणाले, हो. हॉटेलात भेटले तर? हो. बाजारात, भाजी घेताना? बोलले असतील तर हो. आणि लिफ्टमध्ये?

सचिवांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "नियमात लिफ्ट वगळलेली नाही. पण आजवर कोणी विचारलंही नाही." आणि पुन्हा पेन उचललं, म्हणजे आपण काहीच बोललो नाही असं.

दोन आठवड्यांनी पुढची सभा आली. सूचनाफलकावर विषय क्रमांक सहा: 'लिफ्टची सुधारणा'. वाचणाऱ्याला वाटावं, रंग बिंग लावणार असतील. बाईंचा त्यात कुठे उल्लेख नाही. दहा वाजता पहिल्या खेपेचे पाच जण आले. बाई दारात उभ्या राहिल्या आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाल्या, की साहेब, आज चौघांना नेते, एकाने दुसऱ्या खेपेला यावं. अध्यक्षांनी भिंतीवरची पाटी दाखवली: सहा व्यक्ती. बाईंनी ती एकोणीस वर्षं रोज पुसली होती. त्या बाजूला झाल्या. पाच जण आत आले, दार सरकलं.

पहिल्या मजल्यापर्यंत अध्यक्ष रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयी बोलले. मग म्हणाले, "सहावा विषय पटकन उरकू. पद रद्द, चालकाची बदली. कोणाची हरकत?"

दुसरा मजला आला. बाईंनी दांडा सोडला, लिफ्ट जमिनीशी जमीन लावून थांबली, आणि त्यांनी दार सताड उघडलं. जाळीचं दार उघडं असलं की ती लिफ्ट जागची हलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक.

समोर दुसऱ्या मजल्याची रांग. नळाच्या अर्जाचा शेवटचा दिवस, त्यामुळे तीसेक माणसं. बाई रांगेकडे वळून म्हणाल्या, की आत नगरपालिकेची सभा चालू आहे, पाच सदस्य हजर आहेत, विषय सहावा चाललाय, ऐकायचं असेल त्यांनी जवळ यावं. हे त्यांनी कसं म्हटलं? तर नेहमी 'चौथा मजला, चौथा' म्हणतात तस्सं.

रांग कुतूहलाने जरा पुढे सरकली. एका आजोबांनी कान पुढे केला आणि विचारलं, कसली सभा. एक बाई कडेवरचं मूल सावरत म्हणाली, "लिफ्टमध्ये? मग सभागृह कशाला बांधलंय?"

अध्यक्ष लाल झाले. ते म्हणाले, की ही सभा नाही, ही लिफ्ट आहे, दार लावा. बाईंनी दुसरं कलम म्हणून दाखवलं, मग पाचवं. पाठ होतं, अडखळल्या नाहीत. अध्यक्षांनी त्यावर जे उत्तर दिलं ते पुढे गावभर झालं. "कायद्यात जागा म्हटलंय, बाई. लिफ्ट ही जागा नाही, प्रवास आहे."

"मग साहेब, आत्ता तर थांबलीय," बाई म्हणाल्या.

रांगेत हशा पिकला. आजोबांना शेजारच्याने परत सांगावं लागलं, मग ते एकटे वेगळे हसले. वखारवाले शेठ छताकडे बघू लागले, मोटारवाले सर घड्याळाकडे. आणि तेवढ्यात मोठ्या बाईंनी पर्स उचलली. चाळीस वर्षं मुलांना नियम शिकवलेल्या त्या शिक्षिका. वर्गात मागच्या बाकावर कुजबुजणाऱ्यांना उभं करायची सवय. आता आपणच मागच्या बाकावर सापडलो, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "तिचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या, लिफ्टमधून उतरल्या आणि जिन्याला लागल्या. त्या गेल्या आणि पाचाचे चार झाले. बाईंनी दार ओढून घेतलं आणि चौघांना चौथ्यावर पोचवलं. सगळं मिळून तीन मिनिटं. हीच ती चाळीस, नव्वद आणि आगीचा बंब.

वर सभागृहात मोठ्या बाईंनीच विषय काढला. सचिवांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, की दारामागे चर्चा झालेला विषय तसाच मताला घालता येणार नाही. नीट शब्दांत सूचना लावून, पुढच्या मंगळवारी, लोकांसमोर घ्यावा लागेल. दुसऱ्या खेपेच्या चौघांनी बाकं बडवली. त्यांना इतका आनंद बहुधा निवडून आले तेव्हाही झाला नसेल.

नवी सूचना लागली. तीत विषय स्वच्छ लिहिला होता: लिफ्टचालकाचं पद रद्द करणे आणि चालकाची दप्तरखान्यात बदली. चारेकशे माणसं रोज लिफ्टमधून जायची, त्यांनी वाचलं. बाईंनी कोणाला काही सांगितलं नाही असं त्या म्हणतात. त्यांनी फक्त प्रत्येकाला सूचनाफलक कुठे आहे ते दाखवलं. आठवं कलम सांगतं की नागरिकाला चिठ्ठी देऊन तीन मिनिटं बोलता येतं. बाईंनी चिठ्ठी दिली. आणि कामाच्या वेळेत कर्मचाऱ्याला सभेला बसता येत नाही, म्हणून एक तासाची रजा टाकली. रीतसर, अर्ज करून.

एक तास रजा म्हणजे एक तास लिफ्ट बंद.

हे अध्यक्षांना सभेच्या सकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर कळलं. चौकीदाराने दांडा हातात घेऊन बघितला होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध नेऊन सोडली आणि स्वतःला वरच्या फटीतून ओढून काढवून घेतलं. मग सगळेच चढले. पहिली खेप, दुसरी खेप, लोक, सचिव, इतिवृत्ताची जाड वही. अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून इतका वेळ उभे राहिले की कोणीतरी त्यांना खोकल्याची गोळी देऊ केली.

बाकांवरच्या बादल्या हलवल्या, तरी माणसं भिंतीला लागून उभी. बाईंच्या सासूबाई आल्या नव्हत्या, येणं शक्य नव्हतं. पण नवरा आला होता, हातात काम चाललेलं घड्याळ तसंच घेऊन. बाईंचं नाव पुकारलं. त्या पुढे आल्या. आवाज चार मजल्यांचा, पण त्या दिवशी एकाच खोलीपुरता निघाला. लोकांना वाटलं रडतील, पाया पडतील. त्यांनी तसलं काही केलं नाही.

"मला तळघर नको," त्या म्हणाल्या, "ते सगळ्यांना माहीतच आहे. नको म्हणजे मला माणसं लागतात, फायलींशी बोलता येत नाही. पण नगरपालिकेला बटणांची लिफ्ट हवी असेल तर ती घ्यायचा तुमचा हक्क आहे, मी कायदा वाचलाय. माझं म्हणणं एवढंच. माझ्याविषयी लिफ्टमध्ये बोललात तेव्हा मी पाठमोरी होते. आज समोर आहे. हात वर कराल तेव्हा माझ्याकडे बघून करा."

तीन मिनिटांतलं अर्धं मिनिटसुद्धा झालं नव्हतं. सचिवांनी वेळ लिहिली.

मोठ्या बाईंनी मागणी केली की मतं नावानिशी घ्यावीत, प्रत्येकाने तोंडाने सांगावं. अकराव्या कलमात ती सोय होती. अध्यक्षांनी आधी आपलं मत सांगितलं, आणि इथे मान्य करायला हवं, माणूस उभा राहिला. बाईंकडे सरळ बघून म्हणाले, की तुमच्यावर राग नाही, पण बटणं आज ना उद्या येणारच, त्यापेक्षा आज आलेली बरी. मी पद रद्द करायच्या बाजूने. बाईंनी मान हलवली. नंतर त्या म्हणत होत्या की सगळ्यांत तेच मत त्यांना आवडलं, विरोधात असून.

मग एकेक. वखारवाले शेठ: बाजूने, पण बघताना नजर बाईंच्या कोटाच्या बटणापर्यंतच चढली. मोटारवाले सर: बाजूने. दुसऱ्या खेपेतले तिघे: विरोधात, विरोधात, विरोधात. चौथा मात्र बाजूने निघाला. त्याला म्हणे बटणं फार आवडतात. मोठ्या बाई: विरोधात, खणखणीत. चार आणि चार.

राहिले दातांचे डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणारा हा माणूस सभेत स्वतःचं कधी उघडत नसे. सहा वर्षं त्यांनी अध्यक्षांचा हात वर गेला की आपला वर केला होता, एवढंच काम. आता हात चालणार नव्हता. ते उठले. अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्ष कपाळावरचा घाम पुसत होते. मग बाईंकडे पाहिलं. बाई त्यांच्याचकडे बघत होत्या, पापणी न हलवता. बाईंच्या नवऱ्याच्या हातातलं घड्याळ पुढच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू येत होतं.

डॉक्टर काहीतरी पुटपुटले.

सचिव म्हणाले, "ऐकू आलं नाही. मोठ्याने सांगा."

"विरोधात," डॉक्टर म्हणाले, आणि आपल्याच आवाजाने दचकून खाली बसले.

पाच विरुद्ध चार. प्रस्ताव पडला. मागच्या भिंतीपासून टाळ्या सुरू झाल्या त्या थांबवायला अध्यक्षांना हातोडा चार वेळा मारावा लागला, आणि या खेपेला उत्तर आल्यानंतर मारावा लागला. बाईंच्या नवऱ्याने घड्याळाला किल्ली दिली आणि ते खिशात ठेवलं.

एक तास संपायला चार मिनिटं होती. बाई धावत खाली गेल्या, कारण रजा तासाचीच होती आणि चौकीदाराने अर्धवट लटकवून ठेवलेली लिफ्ट जमिनीवर आणायची होती. ती आणली, दार पुसलं, स्टूल जागेवर ठेवलं. वरून लोक जिन्याने उतरत होते, हात करत होते. म्हातारीला घरी जाऊन काय काय सांगायचं याची जुळणी बाईंच्या डोक्यात सुरू झाली होती, त्यामुळे ओठ हलत होते.

सगळ्यांत शेवटी अध्यक्ष आले. चौथ्यावरून उतरताना त्यांनी जिन्याकडे एकदा पाहिलं आणि मग बेल वाजवली. बाई वर गेल्या, दार उघडलं. अध्यक्ष आत आले, एकटेच. तिसरा मजला गेला, दुसरा गेला. पहिल्या मजल्यावर अध्यक्षांना राहवलं नाही. रुमालाने मान पुसत ते म्हणाले, "एका मताने वाचलात हं, बाई."

तळमजला आला. बाईंनी दांडा सोडला, जमिनीशी जमीन लावली, आणि पहिल्यांदाच मागे वळून त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "वाचले नाही, साहेब, निवडून आले. तुमच्यासारखी बिनविरोध नाही, मतं मोजून."